रेंडरमध्ये दिव्याभोवतीच रवा का सांडतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. जुळे सोलापुरातल्या टू-बीएचकेचा हॉल, स्केचअप (थ्रीडी मॉडेल काढायचं सॉफ्टवेअर) आणि व्ही-रे (त्या मॉडेलचं फोटोसारखं चित्र, म्हणजे रेंडर, काढणारं). फॉल्स सीलिंगच्या कोव्हमध्ये, म्हणजे कडेच्या खाचेत, वॉर्म व्हाईट स्ट्रिप, डायनिंग टेबलवर काचेचं हँगिंग, शिवाय बारा डाऊनलाईट. सोफा, पडदे, फरशी बऱ्यापैकी स्वच्छ येतात, पण प्रत्येक दिव्याच्या आजूबाजूला रवा सांडल्यासारखे दाणे. मॅक्स सबडिव्ह्ज 24 चे 100 केले, काही फरक नाही. मग नॉइज लिमिट (किती दाणे चालतील याची मर्यादा) 0.05 वरून 0.005 वर आणली. रात्रभर रेंडर चाललं, पहाटे लाईट गेली, आणि जेवढं झालं होतं त्यातही दाणे होतेच. आता अजून कुठला आकडा वाढवू?

आज तरी कुठलाच वाढवू नका.

आधी तुमच्या दोन प्रयोगांचा हिशेब करू. सबडिव्ह्जचा आकडा वर्गात मोजायचा असतो. 24 म्हणजे एका पिक्सेलला जास्तीत जास्त 576 सॅम्पल (चाचणीचे किरण), 100 म्हणजे 10,000. पण ही वरची मर्यादा झाली, तेवढी सॅम्पल घेतलीच पाहिजेत असा नियम नाही. नॉइज लिमिट 0.05 असेल तर व्ही-रे तेवढ्यावर समाधान मानतो आणि पुढच्या पिक्सेलकडे जातो. रिक्षाचं मीटर दोन हजारापर्यंत चालतं म्हणून सात रस्ता चौकातून स्टेशनला जायला कोणी दोन हजार देत नाही, तसंच हे. म्हणून पहिल्या प्रयोगात वेळही वाढला नाही आणि दाणेही हलले नाहीत.

दुसरा प्रयोग उलट बाजूने फसला. दाणे सॅम्पलच्या वर्गमुळाच्या प्रमाणात कमी होतात. निम्मे हवेत तर चौपट सॅम्पल, एक दशांश हवेत तर शंभरपट. तुम्ही 0.05 चं 0.005 केलंत, म्हणजे शंभरपट काम मागितलंत. रात्र पुरणार कशी? 0.01 ही माझ्या मते शेवटच्या रेंडरलाही पुरेशी लिमिट आहे. तेवढ्यावर दाणे जात नसतील तर दोष आकड्यात नाही, दिवा ज्या तऱ्हेने बसवलाय त्यात आहे. माझ्याकडे आलेल्या दाणेदार फायलींपैकी बहुतेकांत हेच निघालं.

दाणे दिव्याभोवतीच का येतात हे कळलं की उपाय आपोआप सुचतात, म्हणून इथे जरा थांबतो. रेक्टँगल, स्फिअर, स्पॉट, आयईएस (दिव्याच्या मोजलेल्या उजेडाच्या फाईलवर चालणारा) हे व्ही-रेचे स्वतःचे दिवे. ते कुठे आहेत हे त्याला ठाऊक असतं. फरशीवरच्या एखाद्या बिंदूवर किती उजेड पडतो हे काढताना तो सरळ दिव्याकडे बघतो आणि मधे काही आडवं येतंय का तेवढं तपासतो. हा थेट उजेड लवकर स्वच्छ होतो. पण छतावर आपटून, भिंतीवरून परतून येणारा उजेड नेमका कुठून येतोय याचा पत्ता त्याच्याकडे नसतो. तिथे तो आंधळी कोशिंबीर खेळतो. वाटेल त्या दिशेला किरण सोडायचे आणि काय हाताला लागतं ते बघायचं.

सोलापूरच्या पूर्व भागात पत्र्याच्या घरात वाढलेल्यांना हे पटकन कळेल. दुपारी पत्र्याच्या भोकातून फरशीवर रुपयाएवढा कवडसा पडतो आणि त्या एवढ्याशा कवडशाने अख्खी खोली अंधूक उजळते. आता डोळ्यांवर पट्टी बांधा आणि खोलीत वाटेल तिकडे शंभर खडे मारा. कवडशावर एखादाच बसेल. शेजारच्या माणसाचे तीन बसतील, तिसऱ्याचा एकही नाही. तिघांना विचारलं की खोलीत उजेड किती, तर तिघांची तीन उत्तरं. शेजारशेजारच्या पिक्सेलची अशी वेगवेगळी उत्तरं म्हणजेच तुमचे दाणे. कवडसा जितका लहान आणि प्रखर, तितके दाणे जाड.

तुमचा कोव्ह म्हणजे हा कवडसाच आहे, फक्त लांबट. स्ट्रिप छताला इतकी चिकटलेली आहे की छतावर दोन-तीन बोटं रुंदीचा पांढराफट्ट पट्टा जळतोय आणि बाकी हॉलला त्या पट्ट्याच्या परतीच्या उजेडावर जगायचंय.

पण अंदाजावर जाऊ नका, आधी खात्री करा. त्याला पंधरा मिनिटंही लागत नाहीत. इमेज लहान करा, 1000 पिक्सेल रुंदी पुष्कळ झाली. रेंडर एलिमेंट्समध्ये, म्हणजे रेंडरच्या सुट्या थरांच्या यादीत, लाइटिंग (थेट उजेड), जीआय (परतून येणारा उजेड), रिफ्लेक्शन, रिफ्रॅक्शन (काचेतून आरपार दिसणारं), स्पेक्युलर (दिव्यांची झळक) आणि सॅम्पल रेट (कुठे किती सॅम्पल लागली) घाला. व्ही-रे 5 किंवा त्यापुढचं असेल तर लाईट मिक्सही घाला, त्यात रेंडर झाल्यावर एकेक दिवा वेगळा लावता-विझवता येतो. रेंडर झाल्यावर एकेक थर उघडून बघा. दाणे लाइटिंगमध्ये असतील तर दिव्याचा आकार किंवा जागा चुकलीय. जीआयमध्ये असतील तर वर सांगितलेला कवडसा. रिफ्लेक्शन किंवा स्पेक्युलरमध्ये असतील तर दिव्याचा दोष नाही, त्याच्या शेजारचं चकचकीत काहीतरी तपासा. मग लाईट मिक्समध्ये एकेक दिवा बंद करत जा. ज्या दिव्याबरोबर दाणे जातात तो चोर. सॅम्पल रेटमध्ये निळं म्हणजे काम कमी, लाल म्हणजे काम जास्त. दिव्याभोवती लालभडक आणि तरीही दाणेदार असेल तर समजा, मशीन जीव तोडून राबतंय पण त्याला चुकीचा प्रश्न घातलाय.

एक गोष्ट लाईट मिक्समध्ये हटकून दिसेल. तुमची स्ट्रिप दिव्यांच्या यादीत दिसणारच नाही, ती सेल्फ इल्युमिनेशनच्या ओळीत सापडेल. कारण तुम्ही दिवा लावलेलाच नाही, लांब पट्टी रेखाटून तिला इमिसिव्ह, म्हणजे स्वतः प्रकाशणारं, मटेरिअल दिलंय. इमिसिव्ह पट्टी व्ही-रेच्या लेखी दिवा नसतो. ती एक चकाकती वस्तू असते, आणि तिचा उजेड तो त्याच आंधळ्या कोशिंबिरीने शोधतो. म्हणजे आंधळेपणा दुप्पट. आधी पट्टी सापडायला हवी, मग तिने छतावर पाडलेला पट्टा.

मी ही चूक स्वतः केलीय आणि चांगली महागात पडलीय. टॉवेलच्या एका शोरूमचं काम होतं, मालक तीन पिढ्यांचे टॉवेलवाले. भिंतभर रॅक, प्रत्येक फळीखाली स्ट्रिप, अशा अठ्ठेचाळीस. मी एक पट्टी काढली, इमिसिव्ह दिलं, अठ्ठेचाळीस वेळा कॉपी मारली. रेंडरमध्ये नेमके फळीखालच्या टॉवेलवर दाणे. मला वाटलं टेरीचं, म्हणजे टॉवेलच्या लूपवाल्या कापडाचं, टेक्स्चर आहे, कोणाच्या लक्षात येणार? मालकांनी चष्मा वर सारला, स्क्रीनजवळ गेले आणि म्हणाले, "हा माल आमचा नाही. ह्याचे लूप तुटलेत." त्या माणसाने आयुष्यभर हाताने टेरी चाचपलेली, त्याला दाणा आणि लूप यातला फरक दोन फुटांवरून कळला. मी घरी येऊन डिनॉइझर, म्हणजे दाणे पुसणारं साधन, पूर्ण जोरात लावला. दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, "आता तुटले नाहीत, पण आता रेक्झिनचा झालाय." डिनॉइझरने दाण्यांबरोबर लूपही पुसून टाकले होते.

शेवटी सगळ्या पट्ट्या काढून टाकल्या आणि प्रत्येक फळीखाली एक रेक्टँगल लाईट बसवला. फळीच्या लांबीएवढा, दीड सेंटिमीटर रुंद, फळीपासून अर्धा सेंटिमीटर खाली. पट्टी दिसायला हवी तिथे इमिसिव्ह ठेवलं, पण इतकं मंद की ते स्वतः उजळलेलं दिसेल, दुसऱ्या कशावर उजेड टाकणार नाही. नॉइज लिमिट होती तीच. टॉवेल टॉवेलसारखा दिसला.

त्या अर्ध्या सेंटिमीटरवर जरा बोलतो, कारण अनुभवी लोकही इथे फसतात. दिवा आणि त्याच्या मागचा पृष्ठभाग एकाच पातळीत आले की कुठला पुढे आणि कुठला मागे हे हिशेबात दर बिंदूला बदलतं. काही किरण दिव्यातून निघतात आणि निघताक्षणी मागच्या पट्टीत अडकतात, काही सुटतात. पट्टीभर काळे-पांढरे ठिपके येतात. सबडिव्ह्ज दहा लाख केले तरी ते जाणार नाहीत, कारण ते गणिताचे दाणे नाहीत, भूमितीची मारामारी आहे. डाऊनलाईटच्या डिफ्यूझरवर रेक्टँगल किंवा डिस्क ठेवताना हे सर्रास होतं. पाच मिलिमीटर खाली सरकवा, संपलं.

आता कोव्ह. इमिसिव्ह पट्टी काढून टाका आणि प्रत्येक बाजूला एकच लांब रेक्टँगल लाईट ठेवा. तुकडे तुकडे जोडू नका. डबल साईडेड बंद, इनव्हिजिबल चालू. तो कोव्हच्या तळाशी वर तोंड करून बसवा आणि छतापर्यंत किमान दहा-बारा सेंटिमीटर मोकळे ठेवा. साईटवर जिप्समवाला साधारण चार इंच सोडतो ते उगाच नाही. त्याला स्ट्रिप बसवायला हात घालायचा असतो, आणि उजेडालाही पसरायला जागा लागते. स्केचअपमध्ये कोव्ह दोन इंचाचा काढला तर रेंडरमध्ये दाणे येतात आणि खऱ्या घरात छतावर एलईडीच्या टिकल्या मोजता येतात. म्हणजे इथे रेंडरचं दुखणं हे डिझाईनचंही दुखणं असतं.

एवढ्यावरही जीआयमध्ये दाणे उरले तर एक लबाडी सांगतो. कोव्हची तीव्रता एक तृतीयांशाने उतरवा आणि छताच्या जरा खाली, जवळपास छताएवढाच मोठा, अगदी मंद रेक्टँगल लाईट खाली तोंड करून ठेवा. रंग कोव्हचाच. रिफ्लेक्शनमधून वगळा, नाहीतर फरशीत पांढरा चौकोन तरंगताना दिसेल. खोलीला परतीचा म्हणून जो उजेड हवा होता तो आता थेट मिळतो. कोव्ह फक्त आपला पट्टा रंगवण्यापुरता उरतो. काही जण याला फसवणूक म्हणतात. मी फोटोग्राफरांना खोलीबाहेर छत्री-लाईट लावून "नैसर्गिक उजेड" टिपताना पाहिलंय, त्यामुळे मला काही वाटत नाही.

जीआयची जोडी प्रायमरीला (पहिल्या परतीला) ब्रूट फोर्स, म्हणजे दर बिंदूला नव्याने मोजणी, आणि सेकंडरीला (पुढच्या परतींना) लाईट कॅश, म्हणजे आधी काढून ठेवलेला ढोबळ अंदाज, अशीच ठेवा. लाईट कॅशचे सबडिव्ह्ज 1000 असतात, म्हणजे कॅमेऱ्यातून दहा लाख वाटा. कोव्हवर चालणाऱ्या हॉलला मी 1500 ते 2000 देतो, वेळ थोडाच वाढतो. दुसरा फायदा असा की कुठल्या कोपऱ्यात कुठला दिवा महत्त्वाचा हे तो लाईट कॅशवरूनच शिकतो. जुने मित्र इररेडियन्स मॅप (मोजक्या बिंदूंचा उजेड मोजून मधलं अंदाजाने भरणारी जुनी पद्धत) सुचवतील. दाणे जातील हे खरं, पण त्याजागी छतावर डाग पडतील, पावसाळ्यात स्लॅब पाझरल्यासारखे. क्लायंट दाणे एकवेळ सोडेल, पाझर नाही सोडणार.

हँगिंगची गोष्ट वेगळी. काचेच्या गोळ्यात बल्बचं मॉडेल, त्याला इमिसिव्ह, बाहेर जाडीची काच. उजेड काचेतून वाकून बाहेर येणं म्हणजे कॉस्टिक्स, आणि पाथ ट्रेसिंगला, म्हणजे किरणांची वाट धरून उजेड मोजण्याच्या या पद्धतीला, त्याहून अवघड पेपर नाही. टेबलावर आणि वरच्या छतावर जे एकटे-दुकटे पांढरे ठिपके दिसतायत, ज्यांना सगळे फायरफ्लाय म्हणतात, ते इथूनच उडालेत. बल्बचं इमिसिव्ह मंद करा. गोळ्याच्या आत लहान स्फिअर लाईट ठेवा. काचेच्या मटेरिअलमध्ये रिफ्रॅक्शनखाली अफेक्ट शॅडोज चालू आहे ना बघा, म्हणजे काच उजेडाला आडवी न येता सरळ जाऊ देईल. कॉस्टिक्स बंद. तरी ठिपके राहिले तर स्फिअर गोळ्याच्या बाहेर, एक इंच खाली काढून अदृश्य करा. बघणाऱ्याला उजेड गोळ्यातूनच आल्यासारखा वाटतो, कधी कोणी हरकत घेतलेली नाही.

फायरफ्लायवर सरसकट औषध म्हणजे मॅक्स रे इंटेन्सिटी, एका किरणाच्या प्रखरतेवरची मर्यादा. ती 20 असते, 5 पर्यंत उतरवली की ठिपके गपकन बसतात. पण त्याबरोबर स्टीलच्या नळावरची चमक आणि आरशातले दिवेही थोडे निवतात. मी 10 च्या खाली सहसा जात नाही.

डाऊनलाईटला दोनच गोष्टी बघा. आयईएस दिवा फिक्स्चरच्या डब्यात पुरलेला असेल तर एक-दोन सेंटिमीटर बाहेर काढा. आणि आतल्या रिंगला कोणी डाऊनलोड केलेल्या मॉडेलमधून आलेलं क्रोम दिलेलं असेल तर ते साधं राखाडी करा. बारा फिक्स्चरच्या आत बारा आरसे कशाला हवेत?

छताचा पांढरा रंग तपासा, 255 असेल तर 200 ते 210 वर आणा. खरा डिस्टेंपरही सगळा उजेड परत करत नाही. शुद्ध पांढऱ्या खोलीत उजेड आपटत राहतो, थकतच नाही, आणि प्रत्येक आपटीला दाणे साचत जातात. फोटोत छत तरीही पांढरंच दिसेल, त्यासाठी एक्स्पोजर आहे.

एक्स्पोजरवरून आठवलं. आयएसओ वाढवला म्हणून दाणे आले असं बरेच जण समजतात. खऱ्या कॅमेऱ्यात तसं होतं, व्ही-रेच्या कॅमेऱ्यात आयएसओ हा निव्वळ गुणाकार आहे. खरी चूक वेगळीच असते. रेंडर अंधारं काढायचं आणि नंतर फोटोशॉपमध्ये उजळायचं. अंधारात जे दाणे व्ही-रेने "दिसत नाहीत, चालेल" म्हणून सोडले होते ते तुम्ही स्वतःच उजेडात आणता. एक्स्पोजर रेंडरच्या आधी नीट करा.

डिनॉइझर शेवटी, आणि हात राखून. टॉवेलवाल्यांचा धडा मी विसरलेलो नाही. तुमच्या दिवाणावर सोलापुरी चादर आहे, तिचं जॅकार्डचं नक्षीकाम पुसलं गेलं तर जुळे सोलापुरातल्या क्लायंटला पहिल्या नजरेत कळेल. मी डिनॉइझ केलेली आणि मूळ, दोन्ही इमेज ठेवतो. छत आणि भिंतींना डिनॉइझ केलेली, कापड आणि लाकडाला मूळ, असं मास्क लावून जोडतो. एनव्हिडियाचा आणि इंटेलचा एआय डिनॉइझर झटपट आहेत, कोन ठरवण्यापुरते उत्तम. वॉकथ्रूला, म्हणजे घरातून फिरवणाऱ्या व्हिडिओला, मात्र ते फ्रेमगणिक वेगळं पुसतात आणि छत थरथरतं.

छत अगदी गुळगुळीतही करू नका. कोव्हचा उजेड छतावर हळूहळू विरत जातो. तो उतार एकदम साफ केला आणि 8 बिटच्या जेपीईजीत ठेवला की पायऱ्या दिसायला लागतात. व्हॉट्सअॅपवर गेल्यावर तर जिनाच होतो. फाईल 16 बिटमध्ये किंवा ईएक्सआरमध्ये जपा आणि शेवटी चिमूटभर ग्रेन वरून घाला. हो, दाणे काढायला बसलेल्या माणसाला मी दाणे घालायला सांगतोय. हे बारीक आणि सगळीकडे सारखे असतात, त्यामुळे डोळा त्यांना फोटो समजतो.

हेच काम ब्लेंडरच्या सायकल्समध्ये करणाऱ्यांसाठी: तिथे इमिसिव्ह पट्टी दिव्यासारखीच मोजली जाते, त्यामुळे तो अर्धा त्रास नाही. 3.5 पासून लाईट ट्री (अनेक दिव्यांतून महत्त्वाचे निवडण्याची सोय) आलंय, ते चालू ठेवा. इनडायरेक्ट क्लॅम्प (परतीच्या उजेडाच्या प्रखरतेवरची मर्यादा) 10 असतो, तो थोडा उतरवा आणि कॉस्टिक्स बंद करा. कोव्हची आणि काचेची अक्कल तीच.

आणि आपल्या गावचं दुखणं. रात्रभराचं रेंडर लाईट जाऊन वाया गेलं म्हणालात. तुमच्या आवृत्तीत रिझ्यूमेबल रेंडरिंग असेल तर ते चालू करा, झालं तिथून पुढे सुरू होतं. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा बंद खोलीतलं मशीन तापून स्वतःच वेग कमी करतं. उन्हाळ्यात माझी मोठी रेंडर पहाटे तीनला सुरू होतात, कॅबिनेटचं झाकण काढून आणि समोर टेबलफॅन लावून.

आज संध्याकाळी नॉइज लिमिट 0.01 वर आणा, मॅक्स सबडिव्ह्ज 100 असू द्या, मग त्यांना हात लावू नका. पहिल्यांदा कोव्हच्या चारही पट्ट्या बदला आणि 1000 पिक्सेलचं एक रेंडर काढा. मग हँगिंगची काच लपवून दुसरं. दोन्हींचे जीआय आणि रिफ्रॅक्शनचे थर शेजारी शेजारी ठेवून मला दाखवा. छतावरचे दाणे पहिल्यातच गेलेले असतील. टेबलावरचे ठिपके दुसऱ्यात गेले नाहीत, तर टेबलाची वरची काच टेन एमएमची आहे की नुसताच एक फेस (जाडी नसलेला पृष्ठभाग) काढलाय, तेवढं बघून ठेवा.